भंगाळेशेठची हद्द

"भुताचे केस कोणी केले?" अक्कांनी अंधारातच विचारलं.

"मी."

"चांगले केले. बाकी भुतात काही दम नाही. माझी नणंद सकाळी उठून चुलीपुढं बसे ना, ती याच्याहून भेसूर दिसे."

एरवी मी खो खो हसले असते. त्या दिवशी नुसतं "हं" म्हटलं आणि पडद्याकडे बघत बसले.

भुसावळचं थिएटर, वैशाखातली सकाळ. बाहेर इतक्यातच ऊन भाजायला लागलं होतं. मॅटिनीच्या आधी थिएटर रिकामं असायचं, तेव्हा डिस्ट्रिब्यूटरला नवा पिक्चर दाखवायचा. याला ट्रायल म्हणायचे. पसंत पडला तर तो आपल्या भागासाठी पिक्चर घ्यायचा. भंगाळेशेठचा भाग मोठा, भुसावळपासून पार गोंदियापर्यंत. त्या सगळ्या पट्ट्यात कुठला पिक्चर लागणार आणि त्यातलं काय लागणार, काय कापलं जाणार, हे त्यांच्या हातात. बाल्कनीत पुढच्या रांगेत ते आणि आमचे प्रॉडक्शन मॅनेजर पाटकरमामा बसले होते. मागे कोपऱ्यात भंगाळेशेठची थोरली बहीण, अक्का. आल्या आल्या त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं होतं. "पुरुषांच्या रांगेत कायले बसते? ये इकडं."

मी मुंबईची, नायगावची. कुमुद बागवे. धंद्याने हेअरड्रेसर. मोठमोठ्या नट्यांचे अंबाडे घालायची हौस होती, नशिबात भुतं आली. आमचे शेठ स्वस्तातले भुताचे पिक्चर काढायचे. एक पडका बंगला, एक धुराचं मशीन, पावसाला टँकर आणि मी केलेला केसांचा टोप. महिन्याभरात पिक्चर तयार. या पिक्चरचं नाव तीनदा बदललं आणि शेवटी जे ठेवलं ते मी अजून तोंडाने उच्चारत नाही. पण टोप मी मन लावून केला होता, हे खरं. जटा अशा बसवल्या होत्या की वाऱ्यावर एकेक बट वेगळी हलायची.

पिक्चर लागला की थिएटरच्या दारात एका माणसाला भुताचा वेष देऊन उभं करायची तेव्हा पद्धत होती. टोप कसा बसवायचा ते तिथल्या माणसांना दाखवायला मी आले आहे, असं भंगाळेशेठना सांगितलं होतं. खरं कारण पाटकरमामांना आणि मला ठाऊक होतं. इंटरव्हलनंतर न्हाणीघरातला एक तुकडा होता. त्या तुकड्यात मी होते.

त्याचं असं झालं. हिरॉइनने आंघोळीचा सीन करायला साफ नकार दिला. तिचा नकार चालला, कारण ती निघून गेली असती तर पिक्चर अडकला असता. मग डायरेक्टरचं लक्ष माझ्याकडे गेलं. "कुमुद, फक्त पाठ. ओली साडी. तोंड दिसणार नाही, आईची शप्पथ." मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून टोप दुसऱ्या कुणीतरी केला असता, एवढंच. घरी आई आणि मी दोघीच, खाणारी तोंडं दोन आणि कमावणारी मी. मी पाठ करून उभी राहिले. पाणी पडत होतं, आणि मला न सांगता कुणीतरी माझ्या मागच्या दाराला सणसणीत लाथ घातली. मी दचकून वळले. कॅमेरा चालूच. लाइटवाले हसायला लागले. कोणी थांबवेना. मी साडी सावरत सावरत भिंतीला सरकत गेले आणि ते सगळं फिल्मवर उतरलं, चेहऱ्यासकट. एडिटर नंतर म्हणे, काय ॲक्टिंग दिलीय पोरीने!

मी आमच्या शेठना जाऊन सांगितलं, चेहरा तरी कापा. ते म्हणाले, "तुला कोण ओळखतंय?"

कोण ओळखतंय! आई ओळखते. चाळ ओळखते. कोपऱ्यावरचा पानवाला ओळखतो. जिथे जिथे तो पिक्चर लागेल तिथल्या पुढच्या रांगेतला प्रत्येक माणूस उद्या मला रस्त्यात ओळखणार, आणि कुठून ओळखतो ते तोंडाने सांगणार नाही. माझी झोप उडाली होती. जेवण जात नव्हतं.

पाटकरमामा साठीला आलेले, असले पिक्चर करून करून कंटाळलेले. त्यांनी एकदा जिन्यात मला थांबवलं. "शेठ ऐकणार नाहीत, पोरी. पण असले तुकडे पिक्चरला मागून जोडतात. कुठे ठेवायचे, कुठे नाही, ते त्या त्या भागाचा डिस्ट्रिब्यूटर ठरवतो. भंगाळेला सांगून बघू. एका भागात तरी वाचशील."

पण सांगायचं कसं? 'शेठ, ती मी आहे' असं म्हटलं की तो माणूस आधी माझ्याकडे बघणार आणि मग तुकडा परत लावायला सांगणार. गाडीत बसून मी कितीतरी वाक्यं जुळवली. तोंडातून निघेल असं एकही जुळलं नाही.

त्यात भुसावळ स्टेशनवर उतरल्यावर पाटकरमामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भंगाळेशेठ स्वतः पिक्चर पसंत करतच नाहीत. अक्का करतात. अक्का तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आल्या. घरच्यांनी सांगितलं, देवळात जाऊन बसत जा. त्या म्हणाल्या, तिथं टेकून बसायले खुर्ची नाही. भावाने थिएटरात नेलं, तेव्हापासून प्रत्येक ट्रायलला अक्का. भुताच्या पिक्चरवर त्यांचा विशेष जीव. रीत अशी होती की इंटरव्हलला अक्कांनी सगळ्यांना चहा मागवला म्हणजे पिक्चर घेतला. पिशवी उचलून घरी निघाल्या म्हणजे फिल्मचे डबे परत मुंबईला.

"आणि असल्या तुकड्यांचं काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"काही नाही. मान खाली घालून शेंगा सोलतात. तो विषय त्यांनी भावावर सोडलाय."

झालं! म्हणजे आता एकच आशा. अक्कांना पिक्चर आवडता कामा नये. मी आयुष्यात पहिल्यांदाच आपण काम केलेला पिक्चर पडावा म्हणून देवाला हात जोडले.

आणि सुरुवातीला वाटलं, देवाने ऐकलं. अक्का पिक्चरची सालटी काढत होत्या.

"हे दार पाह्य. एवढा मोठा जमीनदार, अन् बिजागरीत तेल घालायले माणूस नाही?"

"तो दिवा आता विझेल." दिवा विझला. "सांगितलं ना. भूत आलं की दिवा विझते, मग आपल्याले भूत दिसते कसं?"

"ही पोरगी एवढी किंचाळते कायले? खरं भ्यायलेलं माणूस किंचाळत नाही. त्याचा आवाज बसते."

पुढच्या रांगेतून भंगाळेशेठ म्हणाले, "अक्का, हळू. मामांना वाईट वाटेल."

"मला वाटायचं ते वाटून झालं, शेठ," पाटकरमामा म्हणाले.

अक्का शेंगांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोलता बोलता सोललेले दाणे माझ्या हातात टाकायच्या. मी ते मुठीत धरून ठेवायची, गिळवत नव्हते. मनात म्हणत होते, आणखी शिव्या घाला अक्का, आणखी घाला, आणि उठा.

मग विहिरीचा सीन आला. भूत विहिरीच्या काठावर पाठमोरं बसलेलं असतं आणि वाऱ्यावर केस उडतात. तेवढंच. संगीतवाल्याला वेळ मिळाला नव्हता म्हणून तिथे आवाजही नव्हता.  अक्कांचे शेंगा सोलणारे हात थांबले.

"हां," त्या हळूच म्हणाल्या. "हे जमलं. काही केलं नाही म्हणून जमलं. हे केस पाहून मले भ्या वाटलं, माय."

त्याच वेळी इंटरव्हल झाला, दिवे लागले. अक्कांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "चार चहा पाठव रे वरती!"

भंगाळेशेठनी मामांच्या पाठीवर थाप मारली. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. माझ्या टोपानेच माझा घात केला, काय बोलणार? चहा आला. बशीत ओतला तरी तोंडाला लावता येईना.

"पाटकरमामा," मी उठून त्यांच्या कानाशी म्हटलं, "तुम्ही सांगा ना. आत्ता सांगा."

"ऐक जरा. पिक्चर होऊ दे. तुकडा बघून झाला की भंगाळेशेठना बाजूला घेतो."

"बघून झाल्यावर कशाला? बघू नये म्हणून तर..."

दिवे गेले. मी परत अक्कांशेजारी जाऊन बसले.

तो तुकडा तोवर मी एकदाही बघितला नव्हता. न्हाणीघर दिसलं तसं मी डोळे मिटले. पण पाण्याचा आवाज ऐकू येत होता. मग दाराला बसलेली लाथ ऐकू आली आणि माझे डोळे आपोआप उघडले. पडद्यावर माझं तोंड बाल्कनीएवढं मोठं होतं. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. पुढच्या रांगेत दोन पाठमोरी डोकी, त्यांच्यावरून मी.   मी शेजारी बघितलं. अक्का शेंगा सोलत नव्हत्या. मान वर, नजर पडद्यावर. पापणी मिटत नव्हती.

तेवढ्यात त्यांनी पडद्यावरची नजर न काढता शेंगांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्या हातावर हात दाबला.

"खा," म्हणाल्या.

पिक्चर पुढे सरकला. भुताने जमीनदाराला मारलं, बंगल्याला आग लागली, हिरो-हिरॉइन गाडीत बसून गेले. अक्कांनी कशालाही नावं ठेवली नाहीत.

दिवे लागले. भंगाळेशेठ आळस देत उठले. "चला, चहा पाजलाय अक्काने, म्हणजे घेतला आपण. मामा, खाली ऑफिसात बसू."

"घेतला," अक्का म्हणाल्या. "पण तो न्हाणीचा तुकडा काढ."

भंगाळेशेठ जागीच थांबले. "अक्का, आजवर तू कधी यात बोलली नाहीस."

"आजवर मी पाह्यलं नव्हतं. आज पाह्यलं."

"अगं, लोक त्याच्यासाठीच तर येतात! भूत बघायला कोण येतंय?"

"मी येते," अक्का म्हणाल्या. "अन् मी काही पापपुण्याचं बोलू नाही राह्यली. पिक्चरचं बोलू राह्यली. एवढ्या पिक्चरात एकच बाई खरी भ्यायली हाये. अन् तिथं भूतच नाही. मग ती कोणाले भ्यायली?"

 खाली झाडूवाल्याने खुर्च्या आपटायला सुरुवात केली होती.

"कॅमेऱ्यामागं जे उभे होते ना, त्यांले भ्यायली. मले ते दिसले नाहीत, पण तिच्या तोंडावर दिसले. त्याच्यापुढं तुझं भूत मले दिसलंच नाही. बिचारं जटा सोडून एवढं नाचलं, फुकट गेलं."

"पण अक्का, धंदा..."

"शेठ," पाटकरमामा मध्येच बोलले.  "त्या बरोबर बोलताहेत. त्या दिवशी मी तिथं होतो. काढा तो."

भंगाळेशेठनी मामांकडे बघितलं. मग ते माझ्याकडे वळणार असं वाटलं आणि मी पदर घट्ट धरला. पण ते वळले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि जिन्याकडे तोंड करून म्हणाले, "ऑपरेटरला सांगा. माझ्या हद्दीत तो तुकडा लागणार नाही. एकाही प्रिंटमध्ये नाही." त्या न बघण्याबद्दल मी त्या माणसाचे आजही उपकार मानते.

अक्का स्वतः धापा टाकत ऑपरेटरच्या केबिनच्या शिडीपर्यंत गेल्या. केबिनमध्ये पडलेला तुकडा उद्या दुसऱ्याच पिक्चरमध्ये जाऊन बसतो, हे त्यांना माहीत होतं. ऑपरेटरने कापून दिलेली गुंडाळी त्यांनी शेंगांच्या डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"केस कापायची कात्री आणली हायेस ना? मग काप बारीक बारीक."

"तुम्ही ओळखलंत?" मला रडू आवरेना.

"ओळखायले काय लागते? तू माझ्या शेजारीच बसली होती. हात बरफासारखा गार तुझा."

"अक्का, बाकीच्या भागांचं काय? मुंबई, पुणे, सगळीकडे..."

 खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

"बाकीच्या भागात माझा भाऊ नाही, पोरी," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून मी तो तुकडा कापला. नखाएवढे तुकडे केले. अक्कांनी ते केरसुणीने गोळा करून राखेत घातले आणि मला भरीत-भाकरी वाढली. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले. संध्याकाळच्या गाडीने मी आणि पाटकरमामा मुंबईला निघालो. वाटेत ते एकदाच बोलले, "आता माझ्याच्याने होत नाही हे." आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेले.

पिक्चर लागला. मुंबईत लागला, पुण्यात, नाशकात, साताऱ्यात. पानवाला माझ्याकडे बघून हसायला लागला की मला उगाच वाटायचं, याने बघितला. खरंच बघितला होता का, देव जाणे. मी हेअरड्रेसिंग सोडलं. आईने स्थळं बघायला सुरुवात केली. साताऱ्याचं चांगलं आलं, मुलगा बँकेत, मी नाही म्हटलं. नाशिकचं आलं, नाही म्हटलं. आई कपाळावर हात मारून घ्यायची. "तुला हवंय तरी कोण? राजपुत्र?"

मग अकोल्याचं आलं. मुलगा शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारा, उंचीने माझ्याएवढाच, जरा तोतरा. मी पाटकरमामांना गाठून एकच विचारलं, "मामा, अकोला कुणाच्या हद्दीत येतं?" ते म्हणाले, "भंगाळेच्या." मी होकार दिला.

तीसच्या वर उन्हाळे इथे काढले. अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते अकोल्यात राहिलेल्यालाच कळतं. आमचे हे पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, "हिने मला बघताक्षणी हो म्हटलं." मी मान डोलावते. माणूस चांगला निघाला, तक्रार नाही. पण पंढरपूरला चला, महाबळेश्वरला चला म्हटलं की माझे गुडघे दुखतात. नागपूरला चला म्हटलं की दुखत नाहीत. एवढ्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

परवा दुपारी माझी सून केतकी पलंगावर पडून मोबाइलवर काहीतरी बघत होती आणि हसून हसून लोळत होती.

"आई, या ना, बसा. जुना भुताचा पिक्चर सापडलाय. इतका भंगार आहे ना, मजा येतेय!"

मी चष्मा लावून वाकले. विहिरीचा काठ, आणि वाऱ्यावर उडणारे केस. एकेक बट वेगळी.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

"कुठून म्हणजे? कुणीतरी टाकलाय. आता सगळं सगळीकडे असतं, आई."

मी दाण्यांची वाटी घेऊन तिच्याजवळ बसले. उठून जावंसं वाटलं नाही. उठून आता जायचं तरी कुठे? केतकी प्रत्येक गोष्टीला हसत होती. दाराला, धुराला, हिरॉइनच्या किंचाळण्याला. मग न्हाणीघर आलं. पाणी पडायला लागलं. दाराला लाथ बसली.

केतकीचं हसू थांबलं. तिने मोबाइल जरा जवळ घेतला.

"आई," ती म्हणाली, "ही बाई कुणाला घाबरलीय? इथं तर भूतच नाहीये."

मी दाण्यांची वाटी तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या हातावर हात दाबला.

"खा," म्हटलं.